हिपॅटायटिस असताना मांड्यांतला जोर गेला तर काय तपासायचं, काय विचारायचं

घरात कुणाला हिपॅटायटिस बी किंवा सी असेल आणि ते माणूस म्हणायला लागलं, "खाली बसलं की उठवत नाही," तर अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या, असं म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ताची तपासणी करून घ्या. साधी तपासणी आहे, तालुक्याच्या लॅबमध्येही होते, आणि पुढचा रस्ता बराचसा तिच्यावरून कळतो.

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे रुग्ण बहुतेक गुडघ्याचे, कंबरेचे आणि लकव्याचे. पण माझ्या सख्ख्या मावशीला हिपॅटायटिस सी आणि पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंना सूज येऊन ते दुबळे होण्याचा आजार, असं दोन्ही एकत्र निघालं. ती जतकडची. १९९० च्या दशकात बाळंतपणात तिला रक्त चढवलं होतं. त्या काळी दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी सक्तीची तपासणी आपल्याकडे सुरू झालेली नव्हती. मुळात हा विषाणूच १९८९ मध्ये ओळखला गेला. तो तिच्या अंगात वर्षानुवर्षं काही न बोलता राहिला. तिच्या आजारपणात मला जे शिकायला मिळालं आणि आता मी प्रत्येक अशा घराला जे सांगते, ते इथे लिहिते.

थकवा आणि कमजोरी वेगळी करा

लिव्हरच्या रुग्णाला थकवा असतोच. थकलेला माणूस चार पायऱ्या चढून "दमलो" म्हणतो, पण चढतो. स्नायू कमजोर झालेल्या माणसाला पायरी चढताच येत नाही, तो कठडा धरून स्वतःला वर ओढतो. मावशीचं असंच सुरू झालं. जेवण झाल्यावर पाटावरून उठताना आधी एक हात जमिनीला, मग दोन्ही हात. नंतर एसटीची पहिली पायरी नकोशी झाली. माळ्यावरचा डबा काढता येईना, वेणी घालताना हात मध्येच खाली यायला लागले. दुखत फार नव्हतं, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. मायोसायटिसमध्ये दुखण्यापेक्षा जोर जाणं जास्त असतं, हे ध्यानात ठेवा.

कमजोरी कुठे आहे तेही पाहा. मांड्या, खुबे, खांदे आणि मान आधी जात असतील तर मायोसायटिसचा संशय घ्यायचा. उताणं झोपून उशीवरून डोकं उचलायला सांगा. मान उचलत नसेल तर ती मोठी खूण आहे. पन्नाशीनंतरच्या माणसाची मांडी बारीक होत चालली आहे, तो वरचेवर गुडघ्यात वाकून पडतो आहे आणि मूठही सैल झाली आहे, बाटलीचं झाकण उघडत नाही, किल्ली फिरत नाही, असं असेल तर इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस हा वेगळा प्रकार डॉक्टरांना सुचवा. डोळ्यांच्या पापण्यांवर जांभळट छटा किंवा बोटांच्या सांध्यांवर लालसर खडबडीत चट्टे दिसले तर डर्माटोमायोसायटिस असू शकतो.

घरी एक चाचणी करा. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची घ्या. रुग्णाने छातीवर हातांची घडी घालून सलग पाच वेळा उठायचं-बसायचं, तुम्ही मोबाईलवर वेळ लावायची. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले, किंवा हात न टेकता उठताच आलं नाही, तर ते कागदावर तारखेसह लिहा. पुढे डॉक्टरांच्या टेबलावर हाच कागद सगळ्यात उपयोगी पडतो. शेजारी उभे राहा, रुग्ण पडता कामा नये.

एसजीपीटी वाढलं म्हणजे लिव्हरच बिघडलं, असं नाही

हा सगळा लेख खरं तर या एका मुद्द्यासाठी आहे. मावशीचे एसजीओटी आणि एसजीपीटी हे दोन्ही आकडे वाढलेले होते. हिपॅटायटिस सी माहीत होताच, त्यामुळे जवळच्या डॉक्टरांनी सगळं लिव्हरच्या खात्यावर टाकलं आणि लिव्हरच्या गोळ्या चालू राहिल्या. आकडे उतरेनात, आणि मावशी उठेना.

हे दोन्ही एन्झाइम लिव्हरमध्ये असतात तसे स्नायूंतही असतात. एसजीओटी स्नायूंत भरपूर असतं, एसजीपीटी त्यापेक्षा कमी. स्नायू फुटायला लागले की दोन्ही रक्तात येतात. रिपोर्टच्या कागदावर मात्र ते "लिव्हर फंक्शन टेस्ट" या मथळ्याखाली छापलेले असतात, आणि वाचणाऱ्याचा समज तिथेच पक्का होतो. मग फरक कसा करायचा? सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम आहे, लिव्हरच्या आजाराने ते वाढत नाही. उलट जीजीटी हे लिव्हरचं एन्झाइम स्नायूंत जवळजवळ नसतंच. त्यामुळे एसजीओटी वाढलेलं, जीजीटी आणि बिलिरुबिन ठीक, आणि सीपीके भरमसाट, असं चित्र दिसलं तर रक्तातल्या त्या वाढीत स्नायूंचा वाटा मोठा आहे. हिपॅटायटिसच्या रुग्णात दोन्ही एकाच वेळी असू शकतं, म्हणून दोन्हीकडे बघायचं.

सीपीकेची वरची मर्यादा बऱ्याच लॅबमध्ये दोनशेच्या आसपास असते. पॉलिमायोसायटिसमध्ये तो आकडा हजारांत जाऊ शकतो. इन्क्लूजन बॉडीमध्ये तो थोडाच वाढलेला किंवा नॉर्मलही असतो, त्यामुळे नॉर्मल सीपीके बघून कमजोरीकडे काणाडोळा करू नका.

रक्त देण्याआधी काही गोष्टी पाळा. आदले दोन-तीन दिवस जड काम, उसाच्या मोळ्या उचलणं, जिम, सगळं बंद. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलं असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, कारण तेवढ्यानेही सीपीके चढतं. पडून मुका मार लागला असेल तर तेही सांगा.

लघवीचा रंगही बघा. काविळीत लघवी गडद पिवळी होते आणि डोळे पिवळे दिसतात. लघवी काळपट, चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी आहे, पण डोळे पांढरे स्वच्छ, आणि अंग प्रचंड दुखतंय, असं असेल तर स्नायू वेगाने फुटत असल्याची शक्यता आहे. त्यातून किडनीला धोका असतो. त्या दिवशी लॅबची वाट न बघता दवाखाना गाठा.

विषाणू लिव्हरचा, मग स्नायू का?

थोडक्यात सांगते. हिपॅटायटिस सी वर्षानुवर्षं शरीराच्या प्रतिकारशक्तीला चाळवत राहतो. ती चाळवलेली शक्ती मग कधी सांध्यांवर, कधी किडनीवर, कधी नसांवर, आणि क्वचित स्नायूंवर उलटते. क्वचित हा शब्द महत्त्वाचा. हिपॅटायटिस सीच्या बहुतेक रुग्णांना मायोसायटिस कधीच होत नाही. इन्क्लूजन बॉडीच्या बाबतीत मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासाने लक्ष वेधून घेतलं. त्यातल्या २८ टक्के रुग्णांच्या रक्तात हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी सापडली, पॉलिमायोसायटिसच्या रुग्णांत ते प्रमाण पाच टक्क्यांहून कमी होतं.

हिपॅटायटिस बीच्या रुग्णांतही मायोसायटिस दिसलेला आहे. शिवाय बीमुळे रक्तवाहिन्यांना सूज येणारा एक आजार होतो, पॉलिआर्टेरायटिस नोडोसा. त्यात पोटऱ्या दुखतात, वजन उतरतं, रक्तदाब चढतो, पाऊल लुळं पडतं.

आणि आमच्या भागात हिपॅटायटिस ई विसरता येत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, ती याच विषाणूची, दूषित पाण्यातून आलेली. हा विषाणू स्नायूंपेक्षा नसांना त्रास देतो. काविळीच्या आगेमागे एका किंवा दोन्ही खांद्यांत अचानक असह्य कळ येऊन काही दिवसांत हात उचलेनासा झाला, तर ती खांद्याच्या नसांची सूज असू शकते. पायांपासून वर चढत जाणारी कमजोरी आणि मुंग्या असतील तर गियाँ बारे सिंड्रोम हा नसांचा आजार असू शकतो, आणि त्याला तासांचा हिशेब असतो. अशा रुग्णाला माझ्याकडे आणू नका, थेट व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

कमजोरीची साधी कारणंही तपासली गेली पाहिजेत: थायरॉइड, पोटॅशियम, ड जीवनसत्त्व, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, दारू. जुन्या सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसतं तेव्हा, स्नायू नुसतेच झिजतात, पायांत गोळे येतात, पण सीपीके सहसा वाढत नाही.

कोणाकडे जायचं आणि कोणत्या क्रमाने

सीपीके वाढलेलं असेल तर र्‍हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर) किंवा न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू-नसांचे डॉक्टर). जवळ नसतील तर सरकारी मेडिकल कॉलेजची मेडिसिन ओपीडी. लिव्हरचे डॉक्टर वेगळे असतील तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायचं काम तुमचं समजा. दोन विभाग आपोआप एकमेकांशी बोलतील यावर विसंबू नका. मी मावशीची एकच फाइल केली, पहिल्या पानावर सगळ्या गोळ्यांची यादी आणि खाली तारीखवार एसजीओटी, एसजीपीटी, सीपीके आणि खुर्चीचे सेकंद. चारही आकडे एका ओळीत. डॉक्टर ते पान आधी बघायचे.

ईएमजीमध्ये स्नायूत सुई घालून तपासतात. ती सुई गेलेल्या जागी काही काळ सूज दिसू शकते, म्हणून बायोप्सी (स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासणं) करायची असेल तर ईएमजी एका बाजूला आणि बायोप्सी दुसऱ्या बाजूच्या स्नायूची करतात. आठवण करून द्यायला संकोच कसला? सीपीकेचं रक्तही ईएमजीच्या आधी द्या. मांड्यांचा एमआरआय काढला तर बायोप्सीसाठी नेमका सुजलेला स्नायू निवडता येतो. मायोसायटिसच्या अँटिबॉडीचं पॅनल महाग आहे, ते कशासाठी करायचं ते विचारून घ्या.

हिपॅटायटिसचं बोलायचं तर अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणजे विषाणू कधीतरी आला होता, एवढंच कळतं. तो आज आहे का, हे एचसीव्ही आरएनए म्हणजे व्हायरल लोडवरून ठरतं.

स्टेरॉइडची पहिली गोळी घेण्याआधी

मायोसायटिसचा पहिला उपचार बहुधा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, तेही मोठ्या मात्रेत, महिनोन् महिने. इथे थांबा आणि हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या झाल्यात का ते स्वतःच्या डोळ्यांनी रिपोर्टवर बघा: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी टोटल. पहिली निगेटिव्ह असली तरी दुसरी पॉझिटिव्ह असू शकते. याचा अर्थ हिपॅटायटिस बी होऊन गेला आहे आणि लिव्हरमध्ये दडून आहे. स्टेरॉइड किंवा रिटुक्सिमॅबसारखं औषध प्रतिकारशक्ती दाबतं, मग दडलेला विषाणू उसळतो आणि लिव्हर निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हे टाळता येतं. धोका असेल तर एन्टेकाविर किंवा टेनोफोविर ही हिपॅटायटिस बीची गोळी आधीपासून सुरू करतात आणि स्टेरॉइड थांबल्यावरही काही महिने चालू ठेवतात. ती गोळी घरच्यांनी परस्पर बंद करायची नाही.

मिथोट्रेक्सेट हे मायोसायटिसमध्ये नेहमी वापरलं जाणारं औषध लिव्हरला त्रास देऊ शकतं. डॉक्टरांना हिपॅटायटिस माहीत असेल तर ते दुसरा पर्याय बघतात. म्हणून पहिल्याच भेटीत पहिलं वाक्य हिपॅटायटिसचं असू द्या. लाजेने लपवणारी घरं मी पाहिली आहेत, तिथे फार नुकसान होतं.

हिपॅटायटिस सीचा उपचार

हा भाग आनंदाने लिहिते. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत, त्यांनी प्रतिकारशक्तीचे आजार उलट भडकू शकत. आता तोंडी गोळ्या आहेत, बहुतेकांना बारा आठवडे, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांतून विषाणू कायमचा जातो. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये चौकशी करा. कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा करायचं. ते निगेटिव्ह आलं की बरा.

गोळ्यांच्या यादीत तीन गोष्टी शोधा. हृदयाची अमिओडारोन चालू असेल तर हिपॅटायटिस सीच्या सोफोसबुविर या गोळीबरोबर नाडी धोकादायक मंद होऊ शकते. स्टॅटिन चालू असेल तर हिपॅटायटिसच्या काही गोळ्यांमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढून स्नायूंना इजा होते, आणि इथे स्नायू आधीच आजारी आहेत. तिसरी गोष्ट पित्ताची गोळी. स्टेरॉइडबरोबर पँटोप्रॅझोल सर्रास लिहून देतात, पण तिच्यामुळे वेलपाटास्विर हे हिपॅटायटिस सीचं औषध नीट शोषलं जात नाही. हे ज्या डॉक्टरांनी एक औषध दिलं त्यांना दुसरं माहीत नसल्याने होतं, म्हणून ती पहिल्या पानावरची यादी.

हिपॅटायटिस बी सुद्धा असेल तर सीच्या उपचारादरम्यान बी उसळू शकतो, त्यामुळे वर सांगितलेल्या दोन तपासण्या इथेही लागतात.

विषाणू गेला की स्नायू सुधारतील का? काहींचे सुधारतात, अनेकांना स्टेरॉइड किंवा आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटिबॉडी) तरीही लागतं. मावशीला दोन्ही लागलं. इन्क्लूजन बॉडी मात्र स्टेरॉइडला दाद देत नाही. तिथे महागड्या औषधांच्या मागे लागण्याआधी "यातून काय मिळेल?" हे सरळ विचारा.

घरचं काम: व्यायाम, ताट, गिळणं

"स्नायू सुजलेत, पडून राहा" हा सल्ला अजून मिळतो. स्वीडनमधल्या फिजिओथेरपिस्ट हेलेन अलेक्झांडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की आजार स्थिर असलेल्या मायोसायटिसच्या रुग्णांनी आठवड्यातून पाच दिवस, रोज सुमारे पंधरा मिनिटं घरी हलका व्यायाम आणि थोडं चालणं केलं तर सूज भडकत नाही आणि काम करायची क्षमता वाढते. मी तेच करून घेते. उंच खुर्चीवरून उठणं-बसणं, झोपून पाय सरळ उचलणं, कंबर उचलणं, भिंतीवर हात सरकवत वर नेणं. दुसऱ्या दिवशी जोर कमी वाटला तर फेऱ्या निम्म्या करायच्या. औषध नुकतंच सुरू झालं असेल तर आधी फक्त सांधे हलवणं, अंथरुणात कूस बदलणं आणि श्वासाचे व्यायाम. घरच्यांनी काखेत हात घालून ओढून उठवू नये, खांदा निखळतो. कमरेला जाड पट्टा बांधून तो धरा. भारतीय संडासावर खुर्ची ठेवा, रात्री मोरीपर्यंत दिवा लावा.

ताटाबद्दल माझा सगळ्यात जास्त वाद होतो. कावीळ म्हटलं की आपल्याकडे तेल-तूप बंद, डाळ बंद, नुसता मऊ भात आणि उसाचा रस. झिजणाऱ्या स्नायूंना प्रथिनं लागतात. सिऱ्होसिसमध्येसुद्धा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं देतात. मटकीची उसळ, पिठलं, दही, ताक, अंडी, मासे, जे घरात चालतं ते. रात्री झोपण्याआधी दूध किंवा नाचणीची आंबील, म्हणजे रात्रभराच्या उपाशीपणात शरीर स्नायू मोडून खात नाही. पाय सुजले किंवा पोटात पाणी असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइडवर साखर चढते, तेव्हा उसाचा रस तसाही नको. काविळीची माळ, हातावर डाग, नाकातले थेंब यांनी विषाणूही जात नाही आणि स्नायूही परत येत नाहीत. नाव नसलेल्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं. त्याने चार दिवस बरं वाटतं आणि वर सांगितलेला बीचा धोका उभा राहतो.

गिळायला त्रास होत असेल तर भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून द्या, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली. पाणी पिताना ठसका लागत असेल, नाकातून पाणी येत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. आडवं झोपल्यावर धाप लागते, सकाळी डोकं जड असतं, बोलताना एका श्वासात चार शब्दही होत नाहीत, ही छातीचे स्नायू थकल्याची लक्षणं आहेत. तेव्हा उद्यावर टाकू नका.

आणि एक गोष्ट जी रुग्णाला फार खचवते. सीपीके खाली आलं, पण जोर परत कमी व्हायला लागला. याचं एक कारण स्टेरॉइडच असू शकतं, जास्त दिवस घेतलं की ते स्वतः स्नायू बारीक करतं, आणि तेव्हा सीपीके नॉर्मल असतं. खुर्चीचे सेकंद लिहिलेले असतील तर हे लवकर कळतं. गोळी अचानक बंद मात्र करायची नाही, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

घरातले बाकीचे

हिपॅटायटिस बी आणि सी एका ताटात जेवून, मिठी मारून, अंघोळ घालून पसरत नाही. ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वेगळे ठेवा. बी असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून, ज्यांना संरक्षण नाही त्यांना ०, १ आणि ६ महिन्यांची लस द्या. सीला लस नाही, जोडीदाराची आणि बी असो वा सी, आईला असेल तर मुलांची तपासणी करा.

विषाणू गेल्यावरही सिऱ्होसिस झालेला असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची. आणि अँटी-एचसीव्ही आयुष्यभर पॉझिटिव्हच येणार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत ते लाल अक्षरांत दिसतं आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं, मावशीचं झालं. तेव्हा आरएनए निगेटिव्हचा रिपोर्ट लॅमिनेट करून फाइलच्या पहिल्या पानामागे लावा, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.